झाली किती, राहिली किती?



आपल्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला विचारून बघा, "आजी, तुला लेकरं किती?" ती एक आकडा सांगणार नाही, दोन सांगेल. "झाली नऊ, राहिली तीन." आपल्या आज्यांनी हा हिशेब असाच ठेवला. पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती, पण गेलेल्या सहांची नावं त्यांना पाठ होती. कुणी देवीत गेलं, कुणी पटकीत, कुणी नुसतं आईचं दूध आटलं म्हणून.

सरकारी पुस्तकात देशाचं जननप्रमाण छापतात, त्यात फक्त 'झाली किती' असतं. 'राहिली किती' दुसऱ्या तक्त्यात, दुसऱ्या पानावर. ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायचं काम पंडितांनी फारसं केलं नाही. म्हातारीनं ते केलं. या लेखात आपण म्हातारीच्याच पद्धतीनं जाऊ.

हे आज कशापायी काढलं? तर दोन आवाज कानावर येतात म्हणून. पहिला जुना आहे. "तुम्ही लोक पोरं फार काढता, म्हणून दरिद्री राहता." हा आवाज कचेरीत, दवाखान्यात, बसच्या रांगेत ऐकू येतो. दुसरा नवा आहे आणि तो आपल्यातूनच निघतो. "आपली संख्या घटत चाललीय, दोनावर थांबू नका." हा आवाज जयंतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतो, आणि बोलणारा नेहमी पुरुष असतो. दोन्ही आवाजांना एकच जागा दिसते, बाईचं पोट. एकाला ते रिकामं हवं, दुसऱ्याला भरलेलं. बाईला काय हवं ते कुणी विचारत नाही. म्हणून शंभर वर्षांचा हा इतिहास एकदा नीट पाहू. आपली माणसं गाव सोडून निघाली, चाळीत राहिली, शाळेत गेली, धर्म बदलला. या सगळ्यात पाळण्याचं काय झालं?

(१) गाव

गावात महाराच्या घरात पोर म्हणजे हात. वतनाची चाकरी चोवीस तासांची. सरकारी अंमलदार आला, धाव. मेलेलं ढोर पडलं, ओढ. मयताची खबर परगावी पोचवायची, चाल. बापाला ताप आला तर पोरानं जायचं. चाकरी कुणा एकावर नव्हती, ती घराण्यावर होती. त्याच्या बदल्यात चतकोर जमीन आणि दारोदार मागून आणलेली भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते याचसाठी. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

आता सांगा, अशा घरात लेकरू कमी असावं असं कुणाला वाटेल? नऊ जन्मली तर तीन जगतील, तीन जगली तर एक वतनावर, एक सावकाराकडे, एक म्हातारपणाला. हे अडाणीपण नव्हतं. ज्याच्या घरात मरण रोज डोकावतं त्यानं केलेला तो हिशेब होता. खुद्द बाबासाहेब हे रामजी सुभेदार आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. त्या चौदांतली जेमतेम पाच मोठी झाली. सुभेदाराच्या घरात ही गत, मग महारवाड्यात काय असेल?

सुभेदार म्हटलं म्हणून एक गोष्ट इथंच नोंदवून ठेवू. गावातून बाहेर पडण्याची आपली पहिली मोठी वाट म्हणजे पलटण. पलटणीत कवायत होती तशी शाळाही होती, शिपायांच्या लेकरांनाही अक्षरओळख होई. दापोलीसारख्या कँपात पेन्शनर महारांची शिकलेली वस्ती त्यातूनच उभी राहिली. १८९२-९३ च्या सुमाराला सरकारनं महारांची भरती बंद केली आणि ती वाट मिटली. मग उरली मुंबई.

(२) मुंबई

मुंबईत कापडगिरणीचा पाया १८५४ साली घातला गेला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांचं जंगल उभं राहिलं आणि त्यात राबायला सगळ्यांत जास्त माणूस गेलं ते रत्नागिरी जिल्ह्यातून. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं. बोटीत बसून माणूस निघाला तो एकटाच. बायको, म्हातारी आणि पोरं मागं. मुंबईत एका खोलीत दहा-पंधरा गडी आणि जेवायला खानावळ.

याचा शिक्का खानेसुमारीवर दोन्हीकडे उमटला. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे बाया सव्वापाचशेच्या आसपास. रत्नागिरीत उलट, पुरुषांपेक्षा बाया जास्त. १९६१ सालीसुद्धा रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १२०० हून अधिक बाया होत्या, आणि २०११ च्या खानेसुमारीतही ११०० च्या वर. म्हणजे शंभर वर्षं एक अख्खा जिल्हा नवऱ्याच्या पत्राची आणि मनीऑर्डरीची वाट बघत राहिला. चाकरमानी येणार शिमग्याला नाहीतर पावसाळ्याच्या तोंडाला. पाळणा हलायचा तो त्या रजेच्या हिशेबानं. स्थलांतर जन्मावर पहिला परिणाम करतं तो हा असा. नवरा-बायको एका छपराखाली नसतात, म्हणून दोन बाळंतपणांतलं अंतर लांबतं. यात कुणाची इच्छा नाही, कुणाचं नियोजन नाही. फक्त ताटातूट आहे.

मग ज्यांना जमलं त्यांनी बायको आणली. पण आपल्या माणसाला ते जमणं अवघड होतं, कारण गिरणीतही जात होती. कापडखात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला नको, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी आपल्या माणसाला त्या खात्यात शिरू दिलं नाही. तो रिंगखात्यात राहिला, कमी पगारात. १९२८ च्या मोठ्या संपात लाल बावट्यापुढं बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. कमी पगार म्हणजे लहान खोली, आणि लहान खोली म्हणजे काय ते पुढं बघा.

१९२१ सालच्या मुंबईतला एक आकडा कामगारांच्या राहणीवरच्या अहवालांत वारंवार येतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे ८२८ तान्ही लेकरं वर्षाच्या आत गेली. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात हाच आकडा १३३. हजारातली ८२८! वाचून डोळे फिरतात. पण इथं जपून वाचलं पाहिजे, कारण हा आकडा फुगलेला आहे. बाई बाळंतपणाला गावी जायची. जन्म गावी व्हायचा, मुंबईच्या वहीत त्याची नोंद नाही. दोन-चार महिन्यांनी ती तान्हं घेऊन खोलीवर यायची आणि ते मरायचं मुंबईत. म्हणजे जन्म एका वहीत, मरण दुसऱ्या वहीत. आकडा फुगला तो त्यामुळं. पण हा फुगवटाच आपल्याला खरी गोष्ट सांगतो. गरिबाचं लेकरू जन्मतं कुठं, मरतं कुठं आणि त्याचा हिशेब कुणाकडेच पुरा नसतो. दोन्ही वह्या पुऱ्या होत्या त्या आईच्या डोक्यात. झालं गावी, गेलं मुंबईत.

आई गिरणीत वाइंडिंगला जायची. तान्ह्यानं रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी चाटवायची. त्यावर तिला नावं ठेवणारे पुष्कळ होते. गिरणीत पाळणाघर मागणारे थोडे होते.

आणि मरण जात बघत नाही असं जे म्हणतात तेही तपासून घ्या. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरात खालच्या म्हणून मोजलेल्या जातींत हजारी ६१.६ माणसं गेली, वरच्या हिंदूंत हजारी १८.९, युरोपियनांत हजारी ८.३. एकच शहर, एकच साथ. फरक खोलीचा, नळाचा, अन्नाचा. त्या साथीनं देशाची लोकसंख्याच घटवली. १९११ साली २५ कोटी २० लाखांच्या घरात होती, ती १९२१ साली २५ कोटी १० लाखांच्या घरात आली. तेव्हा 'तुम्ही फार वाढता' असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

तर मुंबईला आल्यानं आपली जन्मसंख्या आपोआप घटली नाही. शहरानं आधी ताटातूट दिली, मग मरण दिलं. मरणामुळं पुन्हा पुन्हा बाळंतपण आलं. पाळणा थांबवायला नुसतं शहर पुरत नाही.

(३) परळची खोली आणि कौन्सिल

परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचा संसार होता. रमाईला पाच लेकरं झाली, एक राहिलं. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. राजरत्न १९२६ साली गेला. १९३५ साली रमाई गेल्या. परदेशात शिकून आलेल्या, बॅरिस्टर झालेल्या माणसाच्या घरातला हा हिशेब. झाली पाच, राहिला एक. बाबासाहेब संततिनियमनावर बोलले ते पुस्तकातून वाचून एवढंच नाही. या खोलीतून बोलले.

तारखा नीट लावून बघा.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला ते बायांशी वेगळे बोलले. पोरींना शाळेत घाला म्हणाले. १९२८ च्या जुलैत मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानं त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो कायदा झाला.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. सनातनी त्यांच्यावर तुटून पडले, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले. तेव्हा देशाचे मोठे पुढारी काय सांगत होते? १९३५ साली मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी साधनं नाकारली आणि ब्रह्मचर्याचा उपाय सांगितला. एका खोलीत संसार करणाऱ्या बाईनं दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला ब्रह्मचर्य शिकवायचं!

मग १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या सोयी पुरवाव्यात. त्यामागचं भाषण बाबासाहेबांचं होतं. त्यातला एक मुद्दा प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावा असा आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त पोराला कुणी राजी झालाच नसता, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. मतं पडली ११ बाजूनं आणि ५२ विरुद्ध. राज्य काँग्रेसचं होतं. ठराव पडला.

त्या काळी संततिनियमनाचा पुरस्कार करणारे पांढरपेशेही होते. पण त्यांतल्या पुष्कळांना चिंता होती ती 'खालच्यांची पैदास' फार होते याची. वंश सुधारायचा होता त्यांना. बाबासाहेबांचा मुद्दा निराळा. बाईचा जीव, लेकराचं पोट आणि मजुराचं स्वातंत्र्य. ज्याच्या घरी खाणारी तोंडं आठ, त्याला संप करता येत नाही. साधन एकच, पण कोण कशासाठी मागतो यात जमीनअस्मानाचा फरक.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया. बाबासाहेबांनी तिथं पोरींना सांगितलं, लग्नाची घाई करू नका, आणि लग्न केलं तर फार पोरं होऊ देऊ नका, तो गुन्हा आहे. नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभ्या राहा, गुलाम म्हणून नको. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढलं. चळवळीतल्या बाया त्यात सापडतात. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मिळवून वाचावं.

(४) स्वराज्यातला दंडुका

स्वराज्य आलं. १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालं. १९३८ साली जे पाडलं तेच चौदा वर्षांनी घेतलं, पण त्यातला आत्मा काढून. १९५१ च्या खानेसुमारीचे प्रमुख गोपालस्वामी यांनी चौथ्या आणि त्यापुढच्या बाळंतपणांना नाव दिलं, अविचारी मातृत्व. बघा, अविचारी कोण ठरली? आई. अविचारी पगार नाही, अविचारी खोली नाही, अविचारी नवराही नाही.

लशी आल्या, मलेरिया हटला, मरण कमी झालं. जन्म लगेच कमी झाले नाहीत, कारण सवय आणि भीती एका पिढीत जात नाही. नऊतली तीनच राहतात हे जिनं आईच्या घरी पाहिलं, ती आपली सहाही राहतील यावर कसा विश्वास ठेवणार? मधल्या या काळात लोकसंख्या उसळली. १९५१ साली ३६ कोटी, १९७१ साली जवळपास ५५ कोटी. राज्यकर्ते घाबरले आणि दंडुका घेऊन निघाले.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या नसबंदीच्या. आधीच्या वर्षाच्या तिप्पट. शिक्षकाला कोटा, तलाठ्याला कोटा, आणि कोटा भरायला माणूस कुठून आणायचा? जो दाद मागायला जाणार नाही तिथून. महाराष्ट्र तर सक्तीच्या नसबंदीचं बिल विधिमंडळात मंजूर करून मोकळा झाला होता. त्याचा कायदा झाला नाही एवढंच.

सरकार पडलं आणि पुढाऱ्यांनी एक धडा घेतला, पुरुषाला हात लावायचा नाही. मग सगळी सुरी बाईकडे वळली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायांपैकी शंभरात ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली, पुरुषांची शंभरात ०.३. बाईचं ऑपरेशन अवघड, पुरुषाचं सोपं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यातल्या डझनाहून जास्त बाया मेल्या. कोण होत्या? गरीब घरच्या.

महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ पासून आणखी एक नियम लागू झाला. तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला उभं राहता येणार नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनं नुकत्याच कुठं दलित बाया सरपंचाच्या खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या. घरात मूल किती हे ठरवायचा हक्क जिला नाही, तिचीच खुर्ची गेली.

(५) मग पाळणा थांबला कशानं?

दंडुक्यानं थांबला असता तर जिथं दंडुका जास्त तिथं जन्म कमी झाले असते. तसं दिसत नाही. आकडे बघू. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतात, त्याला एकूण जननदर म्हणतात. १९९२-९३ च्या पाहणीत देशाचा तो ३.४ होता, २०१९-२१ मध्ये २.० झाला. महाराष्ट्राचा २०१९-२१ मध्ये १.७. अनुसूचित जातींचा १९९२-९३ मध्ये ३.९ होता, तो २.१ वर आला. म्हणजे 'तुम्ही लोक फार पोरं काढता' हे आज नुसतं अपमानास्पद नाही, खोटंही आहे.

आणि आता कान देऊन ऐका. याच पाहणीत धर्मवार आकडे आहेत. सगळ्या धर्मांत सगळ्यांत कमी जननदर बौद्धांचा. १.३९. जैनांपेक्षा कमी, शिखांपेक्षा कमी. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीनांहून जास्त महाराष्ट्रात, म्हणजे हा आकडा मुख्यतः आपल्याच घरांचा. ज्यांच्या आज्या 'झाली नऊ' म्हणत होत्या त्यांच्या नातींचा.

हे धर्माच्या मंत्रानं झालं असं म्हणाल तर ती अंधश्रद्धा होईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली आणि १५ तारखेला पाळणा थांबला असं नाही. त्यामागं तीन गोष्टी आहेत.

पहिली शाळा. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती, १९४६ चं सिद्धार्थ, १९५० चं औरंगाबादचं मिलिंद, आणि गावोगावची बोर्डिंगं. २०११ च्या खानेसुमारीत बौद्ध बायांची साक्षरता शंभरात ७४, देशातल्या बायांची ६५ च्या आत. शाळेचा आणि पाळण्याचा संबंध सरळ आहे. २०१९-२१ मध्ये शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा त्यापुढं शिकलेलीला १.८. शाळेत राहिलेल्या पोरीचं लग्न लांबतं, ती दवाखान्यात स्वतः बोलते, नवऱ्याला नाही म्हणू शकते.

दुसरी शहर. २०११ साली बौद्धांतले शंभरात ४३ शहरात राहत होते, देशाचे ३१. पण आता हे शहर म्हणजे एकट्या गड्याची खानावळ नाही. कुटुंबासकट वस्ती, नळ, दवाखाना, रात्रशाळा. बापाला पोराचे हात लागत नाहीत, पोराची फी लागते. वतन गेलं तसं पोराचं 'हात' असणंही गेलं.

तिसरी जगणं. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी लेकरं २३ होती. तीही जास्तच. पण आईला आता खात्री आहे, झालं ते राहील. दोन आकड्यांचा एक आकडा झाला. म्हातारीच्या नातीला विचारा, लेकरं किती? ती म्हणते, दोन. बस्स.

आता चळवळ कुठं येते? या तिन्ही गोष्टी कुणी आणून दिल्या नाहीत. गावकी सोडा, ढोरं ओढू नका, पोरीला शाळेत घाला, नवससायास सोडा, हे गल्लीगल्लीत सांगणारी माणसं होती. दीक्षेनं इतकं केलं की 'नशिबात असेल तितकी होतील' हे म्हणणं बंद केलं. देव देतो म्हणणारा माणूस मोजत नाही. देव सोडलेला माणूस मोजायला लागतो.

(६) कोयता

पण छाती फुगवायच्या आधी उसाच्या फडात जाऊन या. स्थलांतर म्हटलं की सुधारणा, असं ज्याला वाटतं त्यानं तर जरूर जावं.

बीडकडची माणसं दिवाळीनंतर गाव सोडतात, पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडतात. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, आपलेही आहेत. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल मिळत नाही, म्हणून त्याचं लग्न लवकर. घरात वयात आलेली पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचंही लवकर. शाळा ऐन हंगामात सुटते. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, फडात ना संडास ना दवाखाना. पाळी आली, खाडा झाला, तर मुकादम दंड कापतो. मग पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायांत १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

इथंही पाळणा थांबला, बरं का! सरकारी तक्त्यात या बाईला तिसरं मूल नाही, सिद्धार्थला शिकलेल्या पोरीलाही नाही. आकडा एकच. एकीनं ठरवलं, दुसरीचं कापलं. म्हणून सांगतो, जन्माचा आकडा कमी झाला एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. कसा कमी झाला ते विचारा.

गिरणीनं निदान पुढं खोली दिली, युनियन दिली. कोयता माणसाला दर वर्षी नेतो आणि होता तिथंच आणून सोडतो. एकाच जागी फिरणारं हे स्थलांतर वतनाचंच नवं रूप आहे.

(७) शेवटचं

आता त्या दोन आवाजांना उत्तर.

'पोरं फार' म्हणणाऱ्याला सांगा, आमचा आकडा बघ आणि मग बोल. पण एक पथ्य पाळा. तोच दगड उचलून दुसऱ्याला मारू नका. आज मुंबईच्या बांधकामावर बिहारचा मजूर दिसतो. त्याची बायको गावी, नवरा एका खोलीत दहा जणांत. २०१९-२१ मध्ये बिहारचा जननदर ३.०, १५ वर्षांमागं ४.० होता, तोही उतरतोय. त्याला 'भय्या' म्हणून हिणवताना, मुसलमानाच्या पोरांची संख्या मोजताना आठवा, हीच भाषा आपल्या आज्यासाठी वापरली होती. तो मजूर म्हणजे १९२१ सालचा रत्नागिरीचा आपला आजाच आहे.

'संख्या घटतेय' म्हणणाऱ्या भावाला सांगा, भीती खोटी नाही. २००१ ते २०११ मध्ये देश १७.७ टक्क्यांनी वाढला, बौद्ध ६.१ टक्क्यांनी. काहींनी नोंद बौद्ध म्हणून केलीच नाही हेही त्यात आहे. ती नोंद करायला लावा, घरोघर फिरा, ते काम पुरुषांना जमण्यासारखं आहे. पण बाईला जास्त बाळंतपणं मागू नका. १९३८ साली ५२ जणांनी जे पाडलं ते आज आपणच पाडायचं का? संख्येच्या जोरावर आपण कधीच नव्हतो. महाडला गेलो तेव्हाही नव्हतो.

कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. आपापल्या वस्तीत पाच म्हाताऱ्या गाठा, आणि त्यांच्या पाच सुना, पाच नाती. प्रत्येकीला चार गोष्टी विचारा. झाली किती, राहिली किती, शाळा किती, आणि कुणी ठरवलं. पहिले तीन आकडे सरकारकडे कुठं ना कुठं सापडतील. चौथी गोष्ट कुठल्याच खानेसुमारीत नाही. ती आपल्याला लिहून काढायची आहे. विचारायला बाई कार्यकर्ती पाठवा, आणि नवऱ्याला बाहेर चहाला घेऊन जा.

म्हाताऱ्या चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर त्या सहा-सहा लेकरांची नावंही जातील. वही घेऊन लवकर निघा.

जयभीम.